नवी गाडी, पण वर्षभर शोरूमात उभी: घ्यावी का नाही?

सोयाबीनचा पैसा आला, कापसाचा चुकारा सुरू झाला, तूर वावरात वाळायला लागली, अन् दरवर्षीसारखी या दिवसांत गाडी घेण्याची पत्रं यायला लागली. या वेळेस मात्र निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, शोरूमवाला गेल्या वर्षीची, कोणी न नेलेली गाडी दाखवतो अन् सूट देतो म्हणतो, तर घ्यायची का. म्हणून हे पान सगळं त्यालाच दिलं, मायलेज अन् सर्विसिंगचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं, म्हणून कोणाचंच नाव दिलं नाही.

प्रश्न: भाऊ नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, सात एकर वावर आहे. आईले दर पंधरा दिवसानं यवतमाळले दवाखान्यात नेणं पडते, दरवेळी भाड्याची गाडी करा न् दीड-दोन हजार मोजा, म्हणून यंदा छोटी पेट्रोल गाडी घ्यायचं पक्कं केलं. शोरूममध्ये गेलो तं पांढरी गाडी तीन महिने थांबा म्हणे, न् एक नारंगी रंगाची आत्ताच देतो म्हणे. कोटेशनवर ८ लाख ६० हजार लिहिलं न् खाली ९० हजार सूट. मी खुश झालो. पण संग माहा भाचा होता, त्यानं टायर पाह्यला, त्याच्यावर ४४२४ लिहून होतं, तो म्हणे मामा हे गाडी २०२४ ची आहे. सेल्समनले विचारलं तं तो म्हणे, "काका गाडी नवीच आहे, फक्त उभी होती, डिसेंबर २०२४ ची आहे, उभी राहून गाडी जुनी होते काय?" आता मले समजून नाही रायलं. पाच हजार टोकन देऊन आलो आहे. घ्यावं का सोडून द्यावं?

उत्तर: भाऊ, भाच्यानं बरोबर पाह्यलं. टायरवरच्या त्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे अन् शेवटचे दोन वर्षाचे, म्हणजे ४४२४ हा २०२४ चा चव्वेचाळिसावा आठवडा, ऑक्टोबरचा शेवट. टायर आधी बनतो, मग गाडीच्या कारखान्यात जातो, तेव्हा डिसेंबरच्या गाडीला ऑक्टोबरचा टायर असला तर त्यात काही गडबड नाही. पण टायर बदलताही येतो, म्हणून नुसत्या टायरवर भरोसा ठेवू नका. चेसिस नंबर मागा. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो अन् बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्षाचं असतं, २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. मधला क्यू घेत नाहीत कारण तो शून्यासारखा दिसतो. महिन्याची खूण कुठं आहे ते कंपनीगणिक वेगळं, म्हणून महिना शोरूमवाल्याकडून लिहून घ्यायचा. अन् शेवटचा कागद म्हणजे फॉर्म २१, विक्रीचं सर्टिफिकेट, त्यात गाडी बनल्याचा महिना अन् वर्ष असा रकानाच असतो अन् पुढं तेच आरसीवर येतं. हा फॉर्म पैसे भरल्यावर हातात पडतो ही अडचण आहे, म्हणून पैसे भरायच्या आधी सेल्समनला सांगायचं का कोटेशनवर चेसिस नंबर अन् बनल्याचा महिना-वर्ष लिही अन् शिक्का मार. जो खरं सांगून विकतो तो लिहून देतो. जो नाही म्हणतो तिथून उठायचं.

आता उभी राहून गाडी जुनी होते काय? होते भाऊ. कागदावर पण होते अन् अंगानं पण होते, दोन्ही वेगवेगळं समजून घ्या म्हणजे भाव करता येतो.

कागदाची गोष्ट आधी. पासिंगची १५ वर्षं पासिंगच्या तारखेपासून मोजतात, तिथं तुमचं काही जात नाही. कंपनीची वॉरंटी पण विक्रीच्या दिवसापासून सुरू होते, तिथंही नुकसान नाही. नुकसान आहे ते पाच-सात वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा. समोरचा आरसी हातात घेतो अन् पहिले बनल्याचं वर्ष पाहतो, तुम्ही कितीही सांगा का २०२६ मध्ये घेतली, तो २०२४ मॉडेल म्हणूनच भाव लावतो. डिसेंबर २०२४ मध्ये बनलेल्या गाडीवर तर हा अन्याय जास्तच आहे, आणखी एक महिना उशिरा बनली असती तर ती २०२५ ची झाली असती. पण बाजार तसाच चालतो, म्हणून तो फरक आजच वसूल करायचा.

किती वसूल करायचा? विम्यात गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरवायचा एक तक्ता ठरलेला आहे, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षं २० टक्के. हा तक्ता रस्त्यावर चाललेल्या गाड्यांचा आहे, न चाललेल्या गाडीवर कोणी २० टक्के सोडणार नाही, पण वर्षाला किंमत असते हे दाखवायला तो चांगला. त्यापेक्षा सोपं काम सांगतो, यवतमाळ नाहीतर अमरावतीला जुन्या गाड्या विकणाऱ्या दोन-तीन जणांकडे जा अन् याच मॉडेलची २०२१ ची गाडी केवढ्याला अन् २०२२ ची केवढ्याला ते विचारा. जो फरक निघेल तेवढी तरी सूट तुम्हाला या नारंगी गाडीवर मिळाली पाहिजे.

अन् इथं तुमच्या कोटेशनमधली खरी मेख सांगतो, हे जरा सावकाश वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. चार मीटरच्या आतली अन् १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर आधी २८ टक्के जीएसटी अन् वर १ टक्का सेस असा २९ टक्के कर होता, तो आता सरळ १८ टक्के आहे. गाडी कधी बनली याच्याशी त्याचा संबंध नाही, बिल ज्या दिवशी फाटतं त्या दिवसाचा दर लागतो. म्हणजे तुमचे ८ लाख ६० हजार हे जर जुन्या कराची किंमत असेल, अन् मला तसंच दिसतं, तर नव्या कराप्रमाणे तीच गाडी ७ लाख ८६ हजाराच्या आसपास येते. ७३ हजार तर सरकारनंच कमी केले आहेत, ते शेजारच्या शोरूममध्ये गेले तरी कमीच होणार अन् २०२५ ची पांढरी गाडी घेतली तरी कमीच होणार. मग ९० हजारातून ७३ गेले तर शोरूमवाल्याच्या पदरची सूट किती, १७ हजार. तेरा महिने उभ्या असलेल्या गाडीवर १७ हजार. घरी बसून हा हिशोब पोरीला, नाहीतर भाच्याला करायला लावा, अन् त्या कागदासकट परत जा अन् विचारा का ही ८ लाख ६० हजार किंमत कोणत्या तारखेची आहे.

शोरूमवाला ऐकतो का? ऐकतो, कारण गाडी उभी ठेवणं त्यालाही महागात पडतं. तो कंपनीकडून गाडी उचलतो ती बहुतेक बँकेच्या कर्जावर, ७ लाखाच्या गाडीवर १० टक्के व्याज धरलं तरी महिन्याला ५ हजार ८०० च्या वर जातात, विकली नाही तरी जातात. २०२४ च्या ऑक्टोबरात गाडी विकणाऱ्यांच्या देशभरच्या संघटनेनं, फाडानं, सांगितलं होतं का डीलरांकडं ८० ते ८५ दिवस पुरेल एवढ्या गाड्या पडून आहेत. कंपनी महिन्याचं टार्गेट देते, डीलरला गाड्या उचलाव्या लागतात, त्यात जो रंग खेड्यात कोणी मागत नाही, जे मॉडेल बदलणार आहे, जी बुकिंग ऐनवेळी कॅन्सल झाली, ती गाडी मागच्या यार्डात जाऊन बसते. म्हणजे गाडीत खोट आहे म्हणूनच उभी राहिली असं समजू नका. नारंगी रंग आपल्याकडं चालत नाही, बस एवढंच कारण असू शकतं.

आता अंगाची गोष्ट, अन् इथं आपला मुलूख लक्षात घ्या. ती गाडी २०२५ चा अख्खा उन्हाळा यार्डात उभी होती. यवतमाळ, वर्धा, अकोला, चंद्रपूर, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो अन् बंद गाडीच्या आत त्याहून जास्त. बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत राहते, उन्हात जास्त लवकर उतरते, अन् गाडीतलं घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर हे बंद गाडीतही थोडं थोडं पीत राहतात. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी महिनोन् महिने पडली का आत प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो, मग चार्जिंग लावून ती त्या दिवशी सेल्फ मारते पण तिचं आयुष्य गेलेलं असतं. मीटर लावून पाह्यलं तर भरलेली चांगली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या जवळ दाखवते, १२.२ च्या खाली दिसली तर अर्धी उतरली समजा. पण शोरूमवाला आदल्या दिवशी चार्ज करून ठेवतो, म्हणून व्होल्टच्या भानगडीत न पडता सरळ नवी बॅटरी मागायची, नव्या तारखेची, हा माझा आग्रहच आहे. आईला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायची गाडी आहे, तिथं बॅटरीवर तडजोड करू नका.

टायर एका जागी महिने उभे राहिले का खालून चपटे होतात. वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर गोलाई परत येते, आली नाही तर साठ-सत्तरच्या स्पीडला स्टेअरिंगमध्ये धडधड जाणवते. म्हणून सर्विसवाल्याला सोबत बसवून शोरूमच्या ट्रेड नंबरवर, म्हणजे पासिंग न झालेली गाडी चालवून दाखवायला शोरूमला मिळालेल्या नंबरवर, एक मोठी फेरी मारा, कॉलनीत गोल चक्कर नको. ब्रेकच्या डिस्कवर पातळ तांबूस गंज दिसला तर भिऊ नका, चार-पाच ब्रेक मारले का निघतो, पण नखाला लागेल असे खड्डे पडले असतील तर डिस्क बदलून मागा. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, तर टाकीतलं जुनं थोडंफार असेल त्याच्यावर गाव गाठू नका, पहिल्याच पंपावर ताजं भरा. इंजिन ऑइल अन् फिल्टर डिलिव्हरीच्या आधी बदलून मागा, कारण सर्विस बुकात ऑइल बदलायचं किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं अन् तुमच्या गाडीचे महिने भरले आहेत. वायपरचं रबर, दाराच्या बीडिंगा, हे उन्हानं कडक झालेलं बोटानं कळतं. रंग पाहायचा तो शोरूमच्या लाइटात नाही, बाहेर उन्हात काढून, छतावर पाखरांच्या विष्ठेचे डाग राहतात ते पॉलिशनं झाकतात. मॅटी उचलून खाली हात फिरवा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, यार्डात पावसाचं पाणी घुसलं असेल तर तिथं गाळाची रेघ सापडते.

अन् उंदीर. हे मी मुद्दाम वेगळं लिहितो. बावीस वर्षं गॅरेजवर काढली, त्यातली ही एक गोष्ट मला आजही टोचते. नेरकडचा एक कास्तकार, पाडव्याला नवी गाडी घरी नेली, घरच्या बायांनी ओवाळली, अन् नवव्या दिवशी ट्रॅक्टरनं टोचन करून माझ्याकडं आणली. बोनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या अन् सरकीचं घरटं, बाजूची वायरिंग कुरतडलेली, अन् घरटं नऊ दिवसांचं नव्हतं, जुनं वाळलेलं होतं, आतल्या चिंध्यांवर बोटभर धूळ. तो शोरूममध्ये गेला तर ते म्हणाले उंदीर तुमच्या घरचे. त्यानं डिलिव्हरीच्या दिवशी "गाडी चांगल्या स्थितीत मिळाली" या कागदावर न वाचता सही केली होती, फोटो एकच होता, हार घातलेला, समोरून. कापसाच्या पैशातली गाडी, त्यातच वायरिंगचे पैसे परत भरले. त्या माणसाचं तोंड आठवतं मला. म्हणून सांगतो, हार घालायच्या आधी बोनेट उघडा, एअर फिल्टरचा डबा उघडा, एसीचा फिल्टर डॅशबोर्डच्या खाली असतो तो काढून दाखवायला सांगा, अन् सगळ्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.

हे सगळं पाहायचं ते पासिंगच्या आधी. आता नंबर पडल्याशिवाय नवी गाडी शोरूमातून बाहेर निघत नाही अन् पासिंगचं काम शोरूमवालाच ऑनलाइन करतो, त्यामुळं लोकांना वाटतं गाडी पाहायची ती डिलिव्हरीच्या दिवशी. तोवर एमएच-२९ चा नंबर तुमच्या नावानं पडलेला असतो, मग गाडी नको म्हणायची सोयच राहत नाही. पूर्ण पैसे अन् पासिंगचे कागद देण्याच्या आधी, दिवसाउजेडी, एक तास काढून पाहा. भाच्याला न्या.

आता तुमचं उत्तर. मी तुमच्या जागी असतो तर ही गाडी सोडून दिली नसती. जीएसटीची कपात धरून जी किंमत येते, ती ७ लाख ८६ हजार धरू, त्याच्यावर शोरूमच्या पदरची ६०-७० हजार सूट, नवी बॅटरी, ऑइल-फिल्टर बदलून, अन् महिना-वर्ष बिलावर लिहून, एवढं मिळत असेल तर घ्या अन् दहा वर्षं वापरा. जो माणूस गाडी लवकर विकणार नाही त्याला बनल्याच्या वर्षाचं नुकसान कमी बसतं, अन् तुमची गाडी दवाखान्यासाठी आहे, हौसेसाठी नाही. मागणी एक लाखापासून सुरू करा. ३० हजाराच्या वर सरकतच नसतील तर पांढऱ्या गाडीची वाट पाहा, तीन महिने भाड्याची गाडी केली तरी दहा-बारा हजारच जातील. टोकनच्या पाच हजारासाठी मन अडकवू नका, अन् ते पण परत मागा, वय सांगितलं नव्हतं हे लिहून मागा.

प्रश्न: मी काटोलचा निवृत्त शिक्षक. नागपूरच्या शोरूममध्ये मला ३,४०० किलोमीटर चाललेली गाडी "अनसोल्ड नवी" म्हणून दाखवली, ८० हजार कमी. ही नवी धरायची का?

उत्तर: सर, नाही धरायची. कारखान्यातून निघून, यार्डात हलवून, नवी गाडी फार तर पन्नास-शंभर किलोमीटर चालते. ३,४०० म्हणजे ती डेमोची गाडी, गिऱ्हाइकांना चालवायला दिलेली, शंभर हातांनी गिअर टाकलेली. अशा गाडीचं पासिंग बहुतेक आधीच शोरूमच्या नावावर झालेलं असतं, तुम्ही घेतली तर आरसीवर तुम्ही दुसरे मालक होता अन् वॉरंटीचे दिवस पण त्या पहिल्या तारखेपासून मोजले जातात. कधी कधी टार्गेट भरायला डिसेंबर-मार्चमध्ये न चाललेल्या गाड्यांचंही पासिंग आपल्याच माणसाच्या नावावर करून ठेवतात. एकच प्रश्न विचारा, आरसीवर मी पहिला मालक राहीन का, अन् उत्तर लेखी घ्या. दुसरा मालक होत असाल तर जुन्या गाडीचा भाव, ८० हजारात ते भागत नाही. गाडी वाईट असेलच असं नाही सर, डेमो गाड्यांची सर्विसिंग वेळेवर होते, पण भाव नव्याचा नको.

प्रश्न: भाऊ, मी कारंजा तालुक्यात नर्स आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडी घेतली, एक रुपयाही सूट दिली नाही, वर "आत्ताच कारखान्यातून आली" म्हणाले. आता आरसी घरी आली तर त्यावर गाडी बनल्याचं ०९/२०२४ लिहिलं आहे. मी १४ महिने जुनी गाडी पूर्ण पैशात घेतली. नवरा म्हणतो जाऊ दे, गाडी चालते ना. मला झोप येत नाही. आता काही करता येतं का?

उत्तर: ताई, करता येतं अन् करा. जुना माल नवा म्हणून खोटं सांगून विकणं याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे, तुमचा राग बरोबर आहे.

पहिले कागद गोळा करा. कोटेशन, बिल, फॉर्म २१, आरसी, विम्याची पॉलिसी, अन् सेल्समनसोबतचे व्हॉट्सॲप मेसेज. "आत्ताच कारखान्यातून आली" हे मेसेजमध्ये कुठं असेल तर ते सोन्यासारखं जपा, फोन बदलायच्या आधी त्याचे स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे ठेवा. फॉर्म २१ वर तुमची सही आहे का अन् त्यात महिना-वर्ष लिहिलेलं होतं का ते पाहा, कारण शोरूमवाला तेच पुढं करेल का तुम्हाला कागद दिला होता. त्यानं तुमची बाजू थोडी हलकी होते पण संपत नाही.

मग शोरूमच्या मालकाला अन् कंपनीच्या कस्टमर केअरला, दोघांना एकच पत्र ईमेलनं अन् स्पीड पोस्टानं पाठवा. त्यात रडगाणं नको, तारखा अन् मागणी लिहा, गाडीच्या वयाच्या फरकाचे एवढे रुपये, नवी बॅटरी, अन् वॉरंटीचं एक वर्ष वाढवून. पंधरा दिवसांची मुदत द्या. बरेच वेळा कंपनी इथंच शोरूमवाल्याला मिटवायला लावते. नाही मिटलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. शोरूम अकोल्याला असो का नागपूरला, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे वाशिमला, तक्रार करता येते, हे या नव्या कायद्यानं फार चांगलं केलं. माल ५ लाखापर्यंतचा असेल तर फी नाही, ५ ते १० लाखात २०० रुपये, १० ते २० लाखात ४००. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही भरता येते. दोन वर्षांच्या आत करायची, पण थांबू नका.

तोवर गाडी वापरत राहा, सर्विसिंग अधिकृत ठिकाणीच करा, एकही चुकवू नका, नाहीतर तेच तुमच्यावर फिरवतील. अन् दादांना सांगा, गाडी चालते हे खरं, पण पगाराच्या पैशातून पूर्ण किंमत नव्या गाडीची दिली होती.

प्रश्न: हिंगणघाटहून लिहितो. कारखान्यातून बसवलेली सीएनजी गाडी पाहून ठेवली आहे, दहा महिने जुना स्टॉक आहे. सीएनजीमध्ये वेगळं काही पाहायचं का?

उत्तर: एक गोष्ट मुख्य, टाकीची तारीख. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं तपासणी, करावी लागते अन् ती तारीख टाकी कधी तपासली त्यावरून मोजतात, तुम्ही गाडी कधी घेतली त्यावरून नाही. डिक्कीत टाकीवर प्लेट असते, तिथं वाचा. दहा महिने गाडीसोबत टाकी पण उभी आहे, म्हणजे पहिली टेस्ट तुम्हाला दोन वर्षांच्या थोडं नंतरच करावी लागेल. टेस्टची सोय तालुक्याला क्वचितच असते, टाकी काढून पाठवण्यात गाडी दोन दिवस अडकते, तो खर्च भाव करताना सांगा. बाकी बॅटरी, टायर, उंदीर वरच्या उत्तरासारखंच.

प्रश्न: भाऊ, अंजनगाव सुर्जीकडून. गाडी नाही, ट्रॅक्टर घ्यायचा आहे. शोरूममध्ये दीड वर्षापासून एक उभा आहे, रंग फिका पडला, मालक म्हणते स्वस्तात देतो. ट्रॅक्टरले पण असंच असते काय?

उत्तर: असंच असते भाऊ, फक्त किलोमीटरच्या जागी तासाचं मीटर पाहायचं. उभ्या ट्रॅक्टरवर तास जास्त दिसले तर तो डेमोला वावरात चालवला आहे, मग रोटाव्हेटरची धूळ क्लच हाऊसिंगच्या कोपऱ्यात सापडते, तिथं बोट घाला. रंग फिका पडला म्हणजे उन्हात होता, तेव्हा पुढच्या टायरच्या बाजूला बारीक तडे आहेत का ते वाकून पाहा, मागचे टायर महाग असतात त्यांचे तर फोटोच काढा. हायड्रॉलिक उचलून दहा मिनिटं तशीच ठेवा, खाली बसायला लागली तर सील गेली. डिझेलची टाकी तळातून थोडी सोडून पाहा, दीड वर्षाच्या डिझेलमध्ये पाणी जमतं. अन् जीएसटी इथंही पाहा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर १२ चा ५ टक्के झाला आहे, ती कपात वेगळी अन् दीड वर्ष उभा राहिल्याची सूट वेगळी, दोन्ही वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. ट्रॉलीची पण वेगळी पावती घ्या.